बैलगाड्याला नियम मिळाले, मग चारशे मीटरवाल्या पोरांनी काय घोडं मारलंय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात बायपासवर रात्री रेस लावणाऱ्या पोरांना पोलिसांनी धरलं, गाड्या जप्त केल्या अशी बातमी आली होती. धरलं ते झकास केलं, त्याबद्दल माझं एका अक्षराचं भांडण नाही, ज्या रस्त्यावर पहाटे दूधवाले आणि ऊसतोडीच्या बैलगाड्या असतात तिथं शंभर-सव्वाशेनं गाडी हाणणाऱ्याला सोडायचंच नाही. पण त्या बातमीखाली जी चौकट टाकलीय की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात जुन्या गाड्यांची इंजिनं "वाढवून" अशा रेसिंगच्या गाड्या बनवतात आणि म्हणून गॅरेजवाल्यांवर पण कारवाई करा, ती वाचून गप्प बसवेना. माझं उद्यमनगरात बोअरिंगचं दुकान आहे, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर आतनं कापून परत गोल करायचं, वडिलांपासूनचं. शेतीपंपांच्या इंजिनांपासून बुलेटपर्यंत सगळं आमच्या मशीनवर येऊन गेलंय, आणि हो, ड्रॅग रेसला (सरळ पट्टीवर चारशे मीटर, कोण आधी पोचतंय ती शर्यत) न्यायच्या जुन्या गाड्यांची इंजिनं पण येतात. तर मग काय काय "वाढवतो" ते सांगतोच.

आधी तुमच्या फोटोतल्या गाड्या बघू. सायलेन्सर कापून डबा काढलेला, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलेली, मागं भलामोठा पंख, काचेला काळी फिल्म, बंपरखाली निळे दिवे. साहेब, यातलं एक पण काम गाडी जोरात पळण्यासाठी केलेलं नाही. स्प्रिंग कापली की खड्ड्यात चाक पत्र्याला घासतं आणि ब्रेक मारला की गाडी लाईन सोडते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागं पंख कशाला हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. ती दिखाव्याची गाडी. तिला रेसिंगची गाडी म्हणणं म्हणजे खऱ्या कामाचा अपमान आहे.

आता खरी कशी असते ते. आमच्याकडं सध्या दोन पोरं एका मारुती एस्टीमवर काम करतायत, एक पॉलिटेक्निकला आहे, दुसरा बापाचं डेअरीचं बघतो. गाडी एका रिटायर मास्तरांची, एकहाती वापरलेली, भंगारवाला जेवढे देत होता त्याच्यापेक्षा थोडे जास्त देऊन घेतली. एस्टीमच का, तर ज्यांना या गाड्या आठवतात त्यांना माहितीय, १९९४ ला आली, २००७ पर्यंत चालली, १२९८ सीसीचं इंजिन, नंतरच्या १६ व्हॉल्वच्या एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशोबानं पेट्रोल सोडणाऱ्या) मॉडेलला ८५ हॉर्सपॉवर आणि वजन नऊशे किलोच्या आत. आजच्या गाड्यांत एअरबॅग, जाड पत्रा, पन्नास मोटरी यांनी वजन फुगलंय (ते सुरक्षेसाठी बरंच आहे म्हणा) पण ड्रॅगमध्ये सगळा हिशोब दर हॉर्सपॉवरला किती किलो ओढायचे याचाच असतो, म्हणून ही पोरं असल्या जुन्या हलक्या गाड्यांच्या मागं लागतात. शिवाय त्याच घराण्यातलं इंजिन जिप्सीत होतं, पहिल्या स्विफ्टमध्ये होतं, त्यामुळं सामान अजून मिळतं. चाळीस-पन्नास हजारांत याच्यापेक्षा चांगला पाया कुठली गाडी देणार सांगा.

पहिलं काम इंजिनाचं नसतंच, पत्र्याचं असतं. आपल्याकडचा पाऊस काय पत्र्याला सोडतोय का. मॅट उचललं की फ्लोअरला गंज, मागच्या शॉकपच्या टॉवरजवळ पत्रा पापडासारखा झालेला. तिथं वेल्डिंग करून ताकद दिल्याशिवाय पुढं जायचं नाही, कारण गाडी सुटताना सगळा ताण बॉडीवर येतो. तुमच्या चौकटीत असल्या कामाचा कुठंच पत्ता नाही, ते काय फोटोत दिसत नाही ना.

मग इंजिन माझ्याकडं येतं. "इंजिन वाढवतात" म्हणजे काय तर बोअर मारतात, एवढंच लोकांना माहिती. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ७४ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, साडेपंचाहत्तर. दीड-दोन लाख किलोमीटर पळालेलं इंजिन, आत गेज घातला की बोअर गोल राहिलेला नसतो, पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिकडं झिजून लांबट झालेला असतो. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज बोअर मारला तर १२९८ चं इंजिन १३१६ सीसी होतं. वाढलं किती, १८ सीसी, खोकल्याच्या औषधाच्या तीन-चार चमच्यांएवढं. म्हणजे बोअर मारणं हे ताकद वाढवायचं काम नाहीच मुळी, इंजिन परत गोल आणि घट्ट करायचं काम आहे, तुमच्या-माझ्या घरच्या गाडीला पण हेच करतात.

ताकद मिळते ती बारीकसारीक कामातनं. चारही पिस्टन आणि चारही कनेक्टिंग रॉड काट्यावर ठेवून एकमेकांच्या ग्रॅमभरात आणायचे. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राईंड करून फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटसकट बॅलन्स करायचा. हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, फेस मारायचा (खालची बाजू सपाट कापायची), साधारण अर्धा मिलिमीटर काढला की कॉम्प्रेशन, म्हणजे हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते, अर्ध्या पॉइंटच्या जरा खालीच चढतं, पण हेड खाली आलं की कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं, बेल्टवरचं टायमिंग किंचित मागं जातं, मग ॲडजस्ट करायची कॅम पुली लावून ते परत जागेवर आणायचं. पिस्टनवर मऊ माती लावून इंजिन हातानं फिरवायचं, उघडून बघायचं की व्हॉल्व आणि पिस्टनमध्ये जागा किती राहिली. हेडमधले पोर्ट मॅनिफोल्डच्या तोंडाशी तंतोतंत जुळवायचे, व्हॉल्वची सीट तीन अँगलमध्ये कापायची. ही कामं करणारी माणसं आता कमी राहिलीत साहेब. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये हेड खराब झालं की नवीन हेड, इंजिन खराब झालं की अर्धं इंजिन बदला, बिल फाडा. उघडून, मापून, दुरुस्त करून परत बसवायचं हे बघायला पोरांना या असल्या गाड्यांशिवाय मिळतंय कुठं? त्या पॉलिटेक्निकच्या पोरानं बोअर गेज पहिल्यांदा हातात धरला तो माझ्या दुकानात, कॉलेजात कपाटात बंद असतो म्हणे.

बरीच पोरं म्हणतात जुन्या बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन टाका, ९४ हॉर्सपॉवर तयार मिळतंय, बसतं पण त्या जागेत थोडी माउंटिंगची खटपट करून. त्यावर उद्यमनगरात चहा पिता पिता तासन् तास वाद होतात. त्या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे सात हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला सरासरी २१ मीटरनं वर-खाली पळणार, आपल्या १.३ मध्ये साडेसतरा. कमी आरपीएमला ओढायला १.६ चांगलं, जास्त आरपीएमला फिरवायला १.३ चांगलं. माझं मत विचाराल तर १.३ नीट बांधा, उरलेले पैसे क्लचात आणि टायरात घाला. पण माझं ऐकतंय कोण.

एक गंमत मात्र सांगायलाच पाहिजे, कारण ती आपल्याच शिवारातली आहे. आता पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. आपल्या कारखान्यांच्या मळीचं आणि रसाचं इथेनॉल, त्याचा अभिमानच आहे. पण वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे पेट्रोलचे पाईप, पंपाचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, ते फुगतात, मऊ पडतात, टाकीतला जुना कचरा सुटून फिल्टर चोंदतो. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, साध्या पेट्रोलला १४.७ ला १ असं हवेचं प्रमाण असतं ते साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या एस्टीमच्या कॉम्प्युटरला याची कल्पना नाही, इंजिन कोरडं (हवा जास्त, पेट्रोल कमी) पळायला लागतं आणि फुल थ्रॉटलला कोरडं पळालं की पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळं कॉम्प्रेशन चढवलेल्या इंजिनात नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटून ठोके बसणं) टाळायला ते उलट मदत करतं. म्हणजे पाईप सगळे नवीन टाकले, इंजेक्टर थोडे मोठे टाकले आणि मॅपिंग (कॉम्प्युटरमधली पेट्रोल सोडायची मापं) नीट करून घेतलं तर आपल्या ऊसवाल्यांच्या कृपेनं रेसिंगवाल्यांचा फायदाच आहे. १०० ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरात मिळतं २०२० पासून, पण त्याची किंमत ऐकून डेअरीवाला पोरगा म्हणाला त्यापेक्षा तूप घालतो टाकीत.

एवढं करून इंजिननं एकशेवीस-एकशेतीस हॉर्सपॉवर दिली समजा. आता खरी परीक्षा. ड्रॅग म्हणजे पाव मैल, ४०२ मीटर, सरळ, उभ्या गाडीपासून. कंपनीतनं आलेली एस्टीम याला अठरा सेकंदांच्या आसपास घेते, पोरांना ती पंधरात आणायचीय. आणि यातली अर्धी लढाई पहिल्या ६० फुटात, म्हणजे अठरा मीटरात होते. गाडी सुटली की वजन मागं जातं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ते बरं, पण एस्टीमची ताकद पुढच्या चाकांना, म्हणजे नेमकं पाहिजे तेव्हा पुढचं वजन उचललं जातं आणि चाकं ओल्या फरशीवर धावणाऱ्या माणसासारखी जागच्या जागी फिरतात. मग मागच्या स्प्रिंगा कडक, मागच्या टायरात हवा जास्त, पुढच्या टायरात हवा कमी, पुढं मऊ रबराचे टायर, इंजिनाच्या माउंटिंग कडक म्हणजे इंजिन उलटायला बघणार नाही. एक चाक फिरत राहतं आणि दुसरं मरतं हे टाळायला लिमिटेड स्लिपचा डिफरन्शियल, तो परवडला नाही तर जुगाड करतात, पण त्यात ॲक्सलचे जॉइंट तुटतात, ते पण सावकाश नाही, एकदम ठाप्पकन. पहिल्या ६० फुटात एक दशांश सेकंद वाचला की शेवटच्या रेषेवर साधारण दीड-दोन दशांशाचा फरक पडतो. तिथं सायलेन्सर कापून काय मिळणारे?

आणि जिंकणं-हरणं कसं ठरतं ते ऐकून तर तुमच्या वार्ताहराला आश्चर्य वाटेल. मधोमध दिव्यांचा खांब असतो, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. गाडी पुढं घेतली की चाक आधी एक, मग दुसरा प्रकाशाचा किरण अडवतं, दोन्ही गाड्या लागल्या की तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं खाली येतात आणि मग हिरवा. हिरव्याच्या आधी चाक सुटलं की लाल, खेळ खल्लास. आता यातली मेख बघा, गाडीच्या वेळेचं घड्याळ चाक हललं की चालू होतं, दिवा लागल्यावर नाही. म्हणजे एक गाडी १५.२० मध्ये पळाली पण ड्रायव्हर सहा दशांश उशिरा हलला, दुसरी १५.४० मध्ये पळाली पण ड्रायव्हर तीन दशांशात हलला, तर दुसरा आधी पोचतो. कमी ताकदीची गाडी जिंकली, कागदावर दोन्ही आकडे छापून हातात मिळतात, भांडायला जागा नाही.

हौशी लोकांसाठी तर त्याहून भारी पद्धत आहे, ब्रॅकेट रेसिंग. ज्यानं त्यानं आपली गाडी किती वेळात पळेल ते आधी लिहून द्यायचं. एस्टीमवाल्यानं १५.५० लिहिलं, आणि समोर कुणी आजोबांची प्रीमियर पद्मिनी आणली, १०८९ सीसीची, तिनं २२.०० लिहिलं, तर पद्मिनीला साडेसहा सेकंद आधी हिरवा दिवा. आपण लिहिल्यापेक्षा जोरात पळालात तर बाद, समोरच्यानं पण तसंच केलं नाही तर. म्हणजे मुद्दाम जास्त वेळ लिहून फसवता येत नाही आणि नुसता बापाचा पैसा ओतून पण जिंकता येत नाही, ज्याला आपली गाडी आणि आपला हात सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत माहिती तो जिंकतो. अमेरिकेत गल्लोगल्ली रविवारी हेच चालतं, आजोबा, बायका, कॉलेजची पोरं सगळे एका रांगेत.

आणि ते तिकडं आपोआप झालेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली परत आलेली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांत मोठी इंजिनं घालून रस्त्यावर रेसा लावायची, पेपरात रोज बोंबाबोंब. १९५० ला कॅलिफोर्नियात सँटा ॲनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून ड्रॅग चालू झालं. पुढच्या वर्षी, १९५१ ला, वॉली पार्क्स म्हणून एकानं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, आणि संपादक साहेब, हा माणूस कोण होता तर एका मोटारींच्या मासिकाचा संपादक! या संस्थेची पहिली अधिकृत शर्यत १९५३ ला पोमोना गावात, जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये झाली, आणि ती जागा मिळवून द्यायला गावचे पोलीसच पुढं होते. त्याच पोमोनाच्या पोलिसातला बड कून्स नावाचा सार्जंट १९५४ ला आणखी तिघांबरोबर स्टेशन वॅगनला ट्रेलर जोडून गावोगाव फिरला, कशासाठी तर शर्यत सुरक्षित कशी भरवायची ते शिकवायला. पोलिसाला कळलं होतं की नुसतं पकडून नाद सुटत नसतो.

"ते अमेरिकेत, आपल्याकडं कुठलं" असं म्हणणारे असतील तर त्यांना आपलंच सांगतो. चेन्नईजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर कित्येक वर्षं मोटारींच्या शर्यती व्हायच्या, त्यातनंच पुढं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक केला, १९९० पासून चालू आहे. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावानं पाव मैलाची ड्रॅग झालेली आहे, तिथं कोटीच्या गाड्या पण पळाल्या आणि घरी बांधलेल्या एस्टीम, सिटी पण. आमच्या दुकानातनं गेलेली इंजिनं तिथं पळालीत. पण प्रवेश फी, गाडी ट्रेलरवर टाकून न्यायचा खर्च, राहणं-खाणं, एवढं सगळं आमच्याकडच्या डेअरीवाल्या पोराला वर्षातनं एकदा जेमतेम जमतं. बाकीचे महिने तो गाडी बांधतो आणि बघत बसतो. आणि ज्याच्यात तेवढा दम नाही तो बायपासला जातो. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, जे आहे ते सांगतोय.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणं परवानगीशिवाय सार्वजनिक जागी रेस लावली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चांगलंय, माझ्या मते दंड कमीच आहे. कलम ५२ प्रमाणं कंपनीनं जी गाडी दिली तिच्या मूळ रचनेत बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टानं पण २०१९ च्या जानेवारीत तेच ठासून सांगितलं, आणि १८२अ प्रमाणं मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रस्त्यावर पळणाऱ्या गाडीसाठी हे पण मला पटतं. पण जी गाडी रस्त्यावर पळणारच नाही, ट्रेलरवर जाणार आणि ट्रेलरवर येणार, तिचं काय? कलम ५५ मध्ये गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर नोंदणी रद्द करून घ्यायची सोय आहे. आमची गाडी निकामी कुठंय, उलट जन्मात नव्हती तेवढी ठणठणीत आहे! म्हणजे एक तर खोटं लिहा, नाहीतर पंधरा वर्षांवरच्या गाडीची वाढीव फी भरून, वर हरित कर भरून नोंदणी चालू ठेवा आणि त्याच वेळी बदल केल्याचे गुन्हेगार व्हा. पोरं विचारतात काका काय करू, मी काय उत्तर देऊ? परिवहन खात्यानं "फक्त बंदिस्त ट्रॅकसाठी" असा साधा एक प्रकार करावा, नंबर प्लेट जमा करून घ्यावी, चॅसी नंबर नोंदवून घ्यावा, आणि अशी गाडी रस्त्यावर चाकांवर दिसली तर सरळ क्रश करावी. आम्ही टाळ्या वाजवू.

आणि हे अशक्य आहे असं कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात तरी कुणी म्हणू नये. बैलगाडा शर्यतीचं काय झालं आठवा. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केली. तेव्हा शर्यती थांबल्या का? चोरून रानात, पहाटे अंधारात व्हायच्याच, बैलांचे हाल जास्त, माणसांना धोका जास्त. मग राज्यानं २०१७ ला कायदा केला, नियम केले, २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं तात्पुरती वाट दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, जनावरांची डॉक्टरी तपासणी, चाबूक-काठी बंद. सरळ रान, दोन बाजूला माणसं, आणि कोण आधी पोचतंय. साहेब, ड्रॅग रेस याच्यापेक्षा वेगळी काय आहे, फक्त बैलाच्या जागी इंजिन, आणि इंजिनाला वेदना होत नाहीत हा वर फायदा. ज्या आमदार-खासदारांनी बैलगाड्यासाठी विधानसभेत आणि दिल्लीत घसा फोडला, आणि बरोबर फोडला, मी पण शर्यतीला जातो, त्यांच्यापैकी एकानं तरी या पोरांसाठी अर्धं पत्र लिहावं की.

जागा नाही हे तर सांगूच नका. सांगलीजवळ कवलापूरला जुन्या विमानतळाची जागा पडून आहे, तिथं विमान उतरल्याचं आताच्या पोरांना आठवत पण नाही. तिथं विमानतळ व्हायचा तेव्हा होऊ दे, आम्ही काय आडवे येणार नाही, तोपर्यंत महिन्यातला एक रविवार द्या. कऱ्हाडला धावपट्टी आहे, ती वापरात असली तर त्यांच्या सोयीनं, विमान नसेल त्या दिवशी. तेही नको तर एमआयडीसीच्या नव्या टप्प्यात प्लॉट पडायच्या आधी जे लांबलचक सरळ रस्ते तयार होऊन नुसते पडलेले असतात, त्यातला एक दोन्ही बाजूनं बंद करून द्या.

फक्त देताना अर्धवट देऊ नका, यात माझा आग्रह आहे. पळायला ४०२ मीटर लागतात म्हणून पाचशे मीटरचा रस्ता दिला तर माणसं मरतील. पंधरा सेकंदांची गाडी शेवटच्या रेषेवर एकशेचाळीसच्या वर असते, आणि सत्तरच्या वेगापेक्षा एकशेचाळीसला थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट असते, एस्टीमला मागं ड्रम ब्रेक आहेत हे विसरू नका. पुढं थांबायला कमीत कमी तेवढीच जागा, खरं तर दीडपट-दुप्पट पाहिजे, आणि शेवटी वाळू. २००८ ला अमेरिकेत न्यू जर्सीच्या इंग्लिशटाउनला स्कॉट कलिटा हा चॅम्पियन ड्रायव्हर थांबायची जागा संपल्यावर पुढं जाऊन आदळला आणि मेला, त्यानंतर तिथल्या सगळ्यात वेगवान नायट्रोच्या (नायट्रोमिथेन इंधनावरच्या) गाड्यांसाठी शर्यत पाव मैलावरनं १००० फुटांवर आणली. एवढ्या अनुभवी लोकांना जे करावं लागलं ते आपण आधीच शिकून घ्यावं.

बाकी लागणारं सामान फार नाही. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाची मान्यता आणि ड्रायव्हरला त्यांचं लायसन्स, टायमिंगचं मशीन, ॲम्ब्युलन्स, आगीचा बंब, दोन्ही बाजूला अडथळे आणि बघ्यांना लांब ठेवायला स्वयंसेवक. गाडीत हेल्मेट, चार पट्ट्यांचा बेल्ट, बाहेरनं बॅटरी बंद करायचा स्विच, आग विझवायचा सिलिंडर. रेडिएटरमध्ये कूलंट नाही तर साधं पाणी, कारण कूलंट सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि मागच्या गाडीचा जीव जातो. ऑइल सांडणारी गाडी लायनीत येताच परत. ही तपासणी करायला उद्यमनगरातनं पाहिजे तेवढे मिस्त्री मी जमवून देतो, फुकट, दुपारचं जेवण दिलं तरी पुरे. कुठल्या पोरानं वेल्डिंग कुठं खाल्लंय ते आमच्यातला म्हातारा मिस्त्री लांबनं बघून सांगतो, त्याला कागद लागत नाही.

तुमच्या वार्ताहराला एकदा दुकानात पाठवा, त्या एस्टीमचं हेड अजून उघडंच आहे, सगळं दाखवतो. आणि पुढच्या वेळी जप्त केलेल्या गाडीचा फोटो छापाल तेव्हा ब्रेक, टायर, सीट बेल्ट कसले आहेत तेवढं जरा विचारून घ्या, नुसता सायलेन्सर छापू नका.

पत्र लांबलंय हे कळतंय मला. जागा कमी पडली तर बोअर आणि हेडचा भाग खुशाल कापा, ज्याला कळायचं त्याला माहितीच आहे, पण कलम ५५ चा आणि कवलापूरचा भाग तेवढा ठेवा, तो जिल्हाधिकारी ऑफिसात कुणीतरी वाचेल म्हणून लिहिलाय.

आपला नेहमीचा वाचक,
एक बोअरिंगवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर